तिकिटावरचे साडेआठ तास : सांगली ते सॅन फ्रान्सिस्को

लेकीकडे अमेरिकेला जायचे ठरले तेव्हा माझे वय ६३ होते. त्याआधीचा माझा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियापर्यंतचा. यजमान गेल्यापासून मी सांगलीत एकटी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे शिकवले, पण विमानात कधी पाऊल टाकले नव्हते. आता जाऊन, राहून, सुखरूप परत आले आहे. माझ्यासारख्या, एकट्याने पहिल्यांदा इतक्या लांब जाणाऱ्या स्त्रियांना उपयोग व्हावा म्हणून घडले तसे लिहीत आहे.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगते. पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन भरला आणि ६ नोव्हेंबर २०२३ रोजी सांगलीच्या टपाल कार्यालयातील पासपोर्ट सेवा केंद्रात मूळ कागद दाखवून आले. साधे शुल्क १,५०० रुपये असते आणि साठीच्या पुढच्यांना त्यात दहा टक्के सवलत मिळते, म्हणून मला १,३५० रुपये पडले. नवव्या दिवशी पोलीस पडताळणी झाली आणि महिनाअखेरीस पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी आला. व्हिसाला मात्र धीर लागला. शुल्क तेव्हा १८५ डॉलर होते, म्हणजे साधारण साडेपंधरा हजार रुपये. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. डिसेंबरमध्ये पैसे भरले आणि मुलाखतीची तारीख मिळाली १० जुलै २०२४. त्याच्या दोन दिवस आधी बोटांचे ठसे व फोटो देण्यासाठी वेगळी वेळ होती. दोन्ही कामे मुंबईतच, त्यामुळे तीन रात्री चुलत बहिणीकडे मुलुंडला राहिले. वाणिज्य दूतावासात मोबाइल नेता येत नाही. अर्ज भरताना मुलाखतीसाठी मराठी भाषा निवडता येते. मी ती निवडली आणि माझी निम्मी भीती तिथेच गेली. चार प्रश्न झाले, आठवड्याने व्हिसा लागलेला पासपोर्ट हाती आला.

खरा गोंधळ सुरू झाला तो तिकीट पाहताना.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिकिटाची प्रत घरी आली. मिरजेहून माझा धाकटा भाऊ आला होता. त्याने कागद हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, “ताई, मुंबईहून पहाटे साडेचारला निघून त्याच दिवशी दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी तिथे पोचणार? साडेआठ तासांत अमेरिका?” कागदावर दोन्हीकडे १५ ऑक्टोबर हीच तारीख होती. मीही दोनदा वाचले. कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘एकूण कालावधी २१ तास ५ मिनिटे’ असे छापलेले होते, ते आमच्या दोघांच्याही नजरेतून सुटले होते. तिकिटावरची प्रत्येक वेळ ही त्या त्या विमानतळाच्या घड्याळाची असते, हे एक वाक्य मला कोणी आधी सांगितले असते तर ती रात्र शांत झोपेत गेली असती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून निरोपाच्या वेळी मिळालेला पृथ्वीगोल कपाटावरून काढला, धूळ पुसली, आणि देवाच्या फुलपुडीचा दोरा सोडवून घेतला. हा गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा आहे. म्हणजे त्याचा परीघ ९४ सेंटिमीटर, आणि खऱ्या पृथ्वीचा सुमारे ४०,००० किलोमीटर; थोडक्यात, दोऱ्याचा एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. मुंबईवर बोट ठेवले आणि दोरा दुबईपर्यंत ताणला. साडेचार सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १,९२५ किलोमीटर. मग दुबई ते सॅन फ्रान्सिस्को. भिंतीवरच्या नकाशात ही रेघ पश्चिमेला आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून जाईल असे वाटते. पण गोलावर दोरा घट्ट ओढला की तो पश्चिमेकडे राहतच नाही, घसरत घसरत थेट उत्तरेकडे चढतो, ध्रुवाच्या अगदी जवळून जातो आणि कॅनडावरून खाली उतरतो. दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या रेखांशांत जवळजवळ १७८ अंशांचे अंतर आहे, म्हणजे ही दोन शहरे पृथ्वीच्या जणू समोरासमोरच्या बाजूंना आहेत, आणि म्हणून सर्वांत जवळची वाट डोक्यावरून जाते. दोरा साडेतीस सेंटिमीटरहून किंचित जास्त भरला. सुमारे १३,००० किलोमीटर. आणि सांगली ते मुंबई? जेमतेम सात मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो येणार आहे.

मुंबईहून सॅन फ्रान्सिस्को सरळ मोजले तर सुमारे १३,५०० किलोमीटर होतात. दुबईमार्गे दोन्ही टप्पे मिळून १५,००० च्या जवळ जातात. थेट विमानाचे भाडे माझ्या आवाक्याबाहेर होते, म्हणून हे दीड हजार किलोमीटर जास्तीचे पत्करले. जाण्यायेण्याचे मिळून मला १,१२,००० रुपये पडले. त्याआधी एका दलालाने बारा हजारांनी स्वस्त पर्याय पुढे केला होता. तो बारकाईने वाचल्यावर कळले की त्यात दोन वेगवेगळी तिकिटे होती आणि मधल्या विमानतळावर बॅगा आपणच घेऊन पुन्हा जमा करायच्या होत्या, तेही अवघ्या दोन तासांत. पहिले विमान उशिरा पोचले असते तर दुसरे चुकल्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर आहे ना आणि बॅगा शेवटच्या विमानतळापर्यंत जातात ना, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय एकट्या माणसाने पैसे देऊ नयेत.

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळते, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवले. विमानाच्या बाबतीत ते अपुरे आहे, हे या तयारीत उमगले. एक तर तिकिटावरची वेळ ही विमान जागेवरून हलते तिथपासून ते दुसऱ्या जागेवर थांबते तिथपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे आणि उतरण्यासाठी घिरट्या घालणे त्यातच धरलेले असते. दुसरे म्हणजे वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यामुळे मुंबईहून न्यूयॉर्कच्या बाजूला जाताना येण्यापेक्षा तास-दीड तास जास्त लागतो. याचे एक उदाहरण जावयांनी सांगितले, ते मला फार आवडले. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेले. वाट १३,९०० ऐवजी १५,३०० किलोमीटरची झाली, पण पाठीशी वारा असल्यामुळे साडेचौदा तासांत विमान पोचले आणि जवळजवळ दोन तास वाचले. जास्त अंतर, कमी वेळ! तिसरी गोष्ट म्हणजे हवाई हद्दी. २०१९ मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत हद्द बंद ठेवली होती तेव्हा, आणि २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियावरून जाता येईनासे झाल्यावर, तीच दोन शहरे वेळेच्या हिशेबाने लांब गेली.

माझी खरी काळजी रक्तदाबाच्या गोळीची होती. ती मी रोज सकाळी सातला घेते. भारत आणि कॅलिफोर्निया यांच्यात ऑक्टोबरमध्ये साडेबारा तासांचा फरक असतो, म्हणजे इथले सकाळचे सात तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. आमच्या डॉक्टरांनी सांगितले, “बाई, प्रवासात मनगटावरचे घड्याळ बदलूच नका. गोळी भारतीय वेळेनेच घ्या. तिथे पोचल्यावर मी सांगतो तशी सरकवत आणा.” प्रत्येकाचे औषध वेगळे असते, म्हणून आपापल्या डॉक्टरांना विचारावे, पण विचारताना तिकीट सोबत न्यावे. गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी, मोठ्या बॅगेत नव्हे.

सोमवार, १४ ऑक्टोबर. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. दुपारी एक वाजता भाड्याच्या गाडीने सांगली सोडली. भाऊ मुंबईपर्यंत सोबत होता. पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ आहे, पण पहाटेचे विमान गाठायला तिथल्या वेळा जुळत नव्हत्या. पेठ नाका, कराड, सातारा इथपर्यंत सुरळीत झाले. खंबाटकीचा बोगदाही पटकन मागे पडला. पुण्याच्या वेशीवर नवले पुलापाशी पाऊण तास गेला आणि खंडाळ्याच्या घाटात एक मालट्रक बंद पडल्यामुळे दीड तास आम्ही एकाच जागी उभे होतो. भाऊ दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता, मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते. विमानतळावर पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. गोलावरचे ते सात मिलिमीटर कापायला दहा तास लागले! आम्ही चार तासांची जास्त सवड ठेवून निघालो होतो, म्हणून निभावले. आपल्याकडून मुंबईला विमानासाठी निघताना नेहमीचे सात-आठ तास धरून वर चार तास ठेवावेतच.

चेक-इनच्या खिडकीवर कळले की माझ्या नावावर व्हीलचेअरची नोंदच नाही. तिकीट काढताना मी सांगितले होते, पैसे लागत नाहीत हेही ऐकले होते, पण मधल्या कोणीतरी ती विनंती पुढे पाठवली नव्हती. खिडकीवरच्या मुलीने तिथल्या तिथे नोंद केली, पाऊण तास थांबावे लागले. निघण्याच्या दोन दिवस आधी फोन करून ही नोंद तपासून घ्यावी. गुडघ्यांचा प्रश्न आहेच, पण एकट्या नवख्या माणसाला पुढच्या दारापर्यंत पोचवणारा सोबती मिळतो, ही त्यातली मोठी सोय. माझ्या २३ किलोच्या दोन बॅगांना सॅन फ्रान्सिस्कोचीच चिठ्ठी लागली. भावाने काचेपलीकडून हात हलवला तेव्हा गळा दाटून आला.

विमान वेळेवर सुटले. तीन तास पाच मिनिटांनी, तिथल्या सहा वाजून पाच मिनिटांनी दुबईला उतरले. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. माझ्या मनगटावर ७:३५ झाले होते. गोळी घेतली. काचेबाहेर तांबडा सूर्य वर येत होता. पुढचे विमान ८:५० चे, म्हणजे मध्ये पावणेतीन तास. ते भरपूर वाटतात, पण पुन्हा सुरक्षा तपासणी, लांबच लांब चालणे आणि दाराशी आणखी एकदा कागदपत्रे दाखवणे यांत दोन तास संपले.

दुसऱ्या विमानाचे सव्वापंधरा तास. समोरच्या छोट्या पडद्यावर नकाशा दिसतो. त्यावर उरलेले अंतर, उंची, वेग आणि बाहेरचे तापमान येत राहते. उंची दहा हजार मीटरच्या वर, वेग ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास, बाहेर शून्याखाली पन्नासहून अधिक अंश. मी सिनेमा लावला नाही, नकाशाच पाहत राहिले. माझ्या फुलपुडीच्या दोऱ्याची वाट तिथे उमटत होती. पाय सुजू नयेत म्हणून डॉक्टरांनी घट्ट मोजे दिले होते आणि दर दोन तासांनी उठून चालायला सांगितले होते. मी चालत शेवटच्या दारापर्यंत जायची, तिथल्या लहानशा खिडकीतून बाहेर डोकवायची आणि पाणी पिऊन परत यायची.

सुमारे सात तास झाले असतील. विमान रशियाची भूमी मागे टाकत होते. डाव्या दाराच्या त्या खिडकीतून पाहिले तर सूर्य क्षितिजाला टेकला होता. माझ्या घड्याळात संध्याकाळचे साडेपाच. ऑक्टोबरच्या मध्यावर ध्रुवाकडे सूर्य उगवतच नाही, तिथे सहा महिन्यांची रात्र सुरू झालेली असते. हे मुलांना शिकवताना मी गोलावर टॉर्चचा उजेड पाडून दाखवत असे. आता मी स्वतः त्या सावलीत शिरत होते. खाली आर्क्टिक महासागर होता, दिसत काही नव्हते, फक्त कडेला जांभळट उजेडाची एक पट्टी होती. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान आणले होते ते याच ध्रुवप्रदेशावरून. त्या बातमीचे कात्रण मी जपून ठेवले होते. त्या काळोखात ते आठवले आणि मन भरून आले. चारेक तासांनी, त्याच डाव्या खिडकीत, कॅनडाच्या उत्तर भागावर पुन्हा उजाडले. खाली बर्फ आणि गोठलेली तळी होती आणि त्यांच्यावर तिरके कोवळे ऊन पडले होते. १५ ऑक्टोबर या एकाच तारखेचे दोन सूर्योदय मी पाहिले. माझ्या मनगटावर तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते.

एक वाजून पाच मिनिटांनी उतरलो. रांगेत एक तास वीस मिनिटे गेली. अधिकाऱ्याने कशासाठी आलात, किती दिवस राहणार, असे विचारले, बोटांचे ठसे घेतले आणि सहा महिने राहण्याची मुभा दिली. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती राहायचे हे या खिडकीवर ठरते. सोबतचे खाण्याचे पदार्थ लपवू नयेत. तासगावचे बेदाणे, सांगलीची हळद, गोडा मसाला आणि मेतकूट मी स्वतःहून सांगितले, त्यांनी पाहिले आणि जाऊ दिले. लेकीच्या घराचा उंबरा ओलांडला तेव्हा तिथे दुपारचे चार वाजले होते, माझ्या घड्याळात १६ तारखेची पहाट, साडेचार. घर ते घर साडेएकोणचाळीस तास. त्यांपैकी विमानात अठरा तास वीस मिनिटे. बाकीचा निम्म्याहून अधिक वेळ रस्ता, रांगा आणि वाट पाहणे. विमानाचे तास किती, एवढेच विचारून तयारी करू नये ती यासाठी.

पहिले आठ दिवस रात्री दोनला टक्क जाग येई आणि दुपारी जेवता जेवता मान कलंडे. लेक मला उन्हात फिरायला नेई, त्याचा उपयोग झाला. नवव्या दिवसापासून झोप लागली.

दिवाळीत आणखी एक गोष्ट घडली. ३ नोव्हेंबरला भाऊबीज होती. भावाला भारतातल्या रात्री आठला मोबाइलवर ओवाळायचे ठरले होते, म्हणून मी सकाळी साडेसातचा गजर लावला. उठले, ताट केले, निरांजन लावले आणि फोन केला, तर भाऊ नवा सदरा घालून तासभर पाटावर बसलेला. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे घड्याळे एक तास मागे घेतात. मोबाइलने ते रात्री आपणहून केले होते आणि फरक साडेबाराचा साडेतेरा तासांचा झाला होता. भाऊ म्हणाला, “ताई, तू सुखरूप आहेस ना, मग झाले.” पण त्याचे ते वाट पाहणे माझ्या मनाला लागून राहिले. मार्च आणि नोव्हेंबर या महिन्यांत प्रवास किंवा ठरलेला फोन असेल तर हा बदल आधी पाहून ठेवावा.

परतीचे विमान मंगळवारी, १० डिसेंबरला दुपारी ३:४० चे होते. दुबईला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ७:२५, तिथून रात्री दहाला निघून मुंबईत १२ डिसेंबरच्या पहाटे २:३५. जाताना तारीख पुढे सरकली नव्हती, येताना ११ तारीख सबंध प्रवासातच जाणार होती. आणि बुधवार, ११ डिसेंबर म्हणजे मोक्षदा एकादशी. मी एकादशी कधी मोडलेली नाही. उपास कोणत्या घड्याळाने धरायचा हा प्रश्न पडला. शेवटी मनगटावरचे घड्याळ कामी आले. विमान सुटले तेव्हा त्यात ११ तारखेची पहाट, ५:१० झाले होते. मी त्या क्षणापासून उपास धरला. हवाई सुंदरीने जेवण आणले, तिला फक्त फळे देण्याची विनंती केली. सोबत लेकीने दिलेले शेंगदाण्याचे लाडू होते. या २१ तास २५ मिनिटांत मी गीतेचा पंधरावा अध्याय कितीदा म्हटला, ते मोजले नाही. मुंबईत चाके टेकली तेव्हा एकादशी संपून द्वादशी लागली होती.

भाऊ गाडी घेऊन आला होता. पारणे साताऱ्याच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या एका खाणावळीत, गरम भात-आमटीने सोडले. दुपारी एकच्या सुमारास सांगलीत घराचे कुलूप काढले.

दोरा अजून गोलावरच आहे. परवा शेजारच्या वहिनी आल्या, त्यांचा मुलगा मेलबर्नला असतो आणि मार्चमध्ये त्या जाणार आहेत. आम्ही मुंबईपासून दोरा ताणला, तेवीस सेंटिमीटर भरला, म्हणजे सुमारे ९,८०० किलोमीटर. मग वही घेतली आणि पहिल्या ओळीवर सांगली ते मुंबईचे तास लिहिले.